न धावलेली फेरी

कबरी सजवण्याच्या रविवारी पायनी फोर्कच्या चर्चमागे गाडी लावायला जागा मिळत नाही. पण त्या रविवारी व्हर्लिन स्ट्राउडचा ट्रक वळणावर दिसताच तिघांनी आपापल्या गाड्या मागेपुढे केल्या आणि त्याला थेट ओकच्या सावलीत जागा करून दिली.

"जिंकणारा माणूस उन्हात ट्रक लावणार होय?" कोणीतरी ओरडलं.

व्हर्लिनने हात वर केला. वर गेलेल्या हाताचं पुढे काय करायचं हे न कळून त्याने तो खाली घेतला. त्याची लेक ड्रीमा मांडीवरची बटाट्याच्या सॅलडची परात सांभाळत उतरली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच मोकळेपणाने हसत होती. आठवडाभर हसत होती. व्हर्लिनला ते बघवत नव्हतं.

आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारी कोव्ह क्रीकच्या ट्रॅकवर पावसाने शर्यत अर्ध्यावर बंद पडली आणि व्हर्लिनला विजेता ठरवलं गेलं. मोठ्या संघांच्या गाड्या टायर बदलायला आत गेल्या होत्या. बाहेर राहिले ते बदलायला टायरच नसलेले. म्हणजे व्हर्लिन, आणि त्याच्या बायकोचा भाऊ डब हॉलिफील्ड. दोघेही आपल्या गाडीचे आपणच मालक, आपणच मिस्त्री, आपणच चालवणार. आठवडाभर कोठारात गाडी खोलायची, शनिवारी ट्रकवर चढवायची, मोठ्यांनी काढून फेकलेले टायर त्यांच्याकडून मागून घ्यायचे आणि दहावं-बारावं येऊन घरी परतायचं. वीस वर्षं हेच. दोघांच्या गाड्याही एकाच संघाने मोडीत काढलेल्या, एकाच निळ्या रंगाच्या. रंगावर कोण खर्च करणार? दारावरचा आकडा तेवढा वेगळा.

आणि फेऱ्या मोजतात त्या बायका. प्रत्येक गाडीची एक मोजणारीण असते. चालवणाऱ्याची बायको, नाहीतर बहीण, नाहीतर लेक. ट्रॅकच्या कडेला लाकडी मचाण आहे. त्यावर त्या ओळीने बसतात आणि आपली गाडी रेषेवरून गेली की समोरच्या घड्याळातली वेळ कागदावर उतरवतात. पुरुषांनी त्या मचाणावर पाय ठेवायचा नाही, असा तिथला रिवाज. ओलेटाने आपल्या नवऱ्याच्या सगळ्या फेऱ्या तिथे बसून मोजल्या, आणि तिच्या शेजारी डबच्या बायकोने, नेल्डाने, डबच्या मोजल्या. हिवाळ्यात ओलेटा वारली. या मोसमात तिच्या स्टुलावर ड्रीमा बसू लागली होती.

व्हर्लिनला पक्कं ठाऊक होतं की आपण जिंकलेलो नाही. पहिल्याच सरीला त्याच्या इंजिनाच्या तारा भिजल्या. तो पिटमध्ये, ट्रॅकच्या आतल्या दुरुस्तीच्या जागेत, शिरला, त्याच्या मुलाने, गार्लंडने, बॉनेट उघडून तारा पुसल्या, आणि तेवढ्यात डब शेजारून एक फेरी पुरी करून गेला. व्हर्लिन बाहेर पडला तो नेमका डबच्या पुढ्यात, पण एक अख्खी फेरी मागे. ती फेरी तो धावलाच नव्हता. पावसाच्या फवाऱ्यात एक निळी गाडी रेषेवरून गेली, आकडा दिसला नाही, आणि ड्रीमाने ती बापाची म्हणून लिहिली. झालं ते एवढंच.

नाव पुकारलं तेव्हा तो बोलणारच होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ड्रीमा मचाणाचा जिना उतरून चिखलातून धावत आली, त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, आईने बघितलं असेल. नक्की बघितलं असेल." त्याने तोंड मिटलं. रविवारी उघडणं कठीण झालं, सोमवारी त्याहून कठीण. गार्लंडनेच बॉनेट उघडलं होतं, त्यालाही सगळं माहीत होतं. बापलेक आठवडाभर एकाच कोठारात काम करत होते आणि या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

*

झाडांखाली फळ्या टाकून लांबलचक टेबल केलं होतं. तळलेली कोंबडी, शेंगा, मक्याचा पाव, हॅम घातलेली बिस्किटं, पीचचं गोड सारण भरलेल्या पेस्ट्र्या, आणि पिंपभर गोड थंड चहा. टेबलाच्या डोक्याशी व्हर्सीमावशी खुर्चीत बसली होती. ओलेटाची आणि डबची ही मावशी. ऐकू कमी येई, पण जीभ जागेवर होती.

"ये रे व्हर्लिन," ती म्हणाली. "बस इथे. आमच्या ओलेटाने तुझ्याशी लग्न केलं तेव्हा मी म्हटलं होतं, या माणसाला चाकं गोल असतात एवढंच कळतं. आज शब्द मागे घेते."

"नका घेऊ, मावशी. बरोबरच होतं ते."

"काय म्हणतो?"

"मी म्हटलं, कोंबडी छान झालीय."

"ती नेल्डाने केलीय. तिला कोंबडी जमते." मावशीने टेबलाच्या पलीकडे बघून आवाज चढवला. "मोजणं जमत नाही! नवऱ्याच्या जन्मात एकदा पहिला यायची वेळ आली, तर बाई एक फेरी लिहायचीच विसरली! देवाने दहा बोटं कशाला दिलीत?"

चारजण हसले. नेल्डा शेंगांचं पातेलं घेऊन येत होती. उंच, हाडापेराने मोठी बाई. एरवी मावशीच्या एका शब्दाला तिच्याकडे दोन तयार असत. आज तिने पातेलं ठेवलं, हात अंगावरच्या एप्रनला पुसले आणि म्हणाली, "खरंय, मावशी. वय झालं माझं. यापुढे नाही जाणार मी मचाणावर. सांगितलंय त्यांना."

"मामी!" ड्रीमाच्या हातातला चमचा खाली पडला. "असं काय करतेस? मी एकटी कशी बसू तिथे?"

"बसशील गं. तू चांगलं मोजतेस. मुख्य मोजणीदार स्वतः म्हणाला, पोरीचा कागद कसा स्वच्छ आहे." नेल्डाने तिच्या गालावर हात फिरवला. "तुझ्या आईचा हात आहे तुला."

डब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. बुटका, गोल, कायम टोपीत. त्याने बायकोकडे बघितलं, मग ताटलीतल्या बिस्किटाकडे, आणि बिस्किटाचे तुकडे करू लागला. खाल्लं मात्र नाही.

व्हर्लिन उठला. "ओलेटाकडे जाऊन येतो," म्हणाला.

कबरस्तान चर्चच्या वरच्या अंगाला, उतारावर. आदल्या दिवशी सगळ्यांनी येऊन गवत खरवडून काढलं होतं, मातीचे उंचवटे नीट केले होते आणि त्यांवर कागदी फुलं मांडली होती. ओलेटाच्या कबरीची माती अजून नवी दिसत होती. तो तिथे टोपी काढून उभा राहिला. एरवी तो तिच्याशी बोलत असे. कोणता बोल्ट तुटला, गार्लंड कसा वागतो, दुधाचा भाव काय झाला, सगळं. या आठवड्यात मात्र तो दोनदा येऊन तसाच परतला होता.

मागून पावलं वाजली. नेल्डा होती. तिच्या हातात मेणात बुडवलेली पिवळी फुलं होती.

"ही तिला आवडायची," ती म्हणाली आणि गुडघे टेकून फुलं रोवू लागली. "व्हर्लिन, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"मी कशाला रागावू?"

"ड्रीमाला मात्र सांगायचं नाही. शपथ घे."

"घेतली."

"ती रडत होती त्या दिवशी. पाऊस सुरू झाला ना, तेव्हाच. आईचं स्टूल, आईची पेन्सिल, आणि तू पावसात. मुसमुसून रडत होती पोर. तिला रुमाल द्यायला मी खाली पिशवीत हात घातला. बस, तेवढाच वेळ." नेल्डाने एक फूल पुन्हा उपटलं आणि थोडं बाजूला लावलं. "त्याच वेळी डब गेला असणार. मला सारखं वाटतंय की लिहिला होता मी. पण कागद भिजला होता, ओळ पुसट झाली होती. मोजणीदाराने विचारलं, 'बाई, तुमची नजर हलली होती का?' खोटं कसं बोलू? म्हटलं, हो, हलली होती. मग तो म्हणाला, कागदावर आहे तेच धरू."

व्हर्लिनने खाली वाकून तिला पुढचं फूल दिलं.

"डब मला एका शब्दाने बोलला नाही रे," ती म्हणाली. "तेच खातंय मला. बोलला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं. घरी आल्यावर मी त्याच्यासमोर बसून रडले. म्हटलं, मी तुझी शर्यत घालवली. तो म्हणाला, 'चल, झोप आता.' एवढंच. दुसरा कोणी जिंकला असता तर मी मेलेच असते. तू जिंकलास म्हणून तरी जरा..."

"नेल्डा," तो म्हणाला.

"काय?"

खालून गार्लंडची हाक आली. "बाबा! अहो बाबा! मिस्टर हचेन्स आलेत!"

"जा," नेल्डा म्हणाली आणि फुलांकडे वळली. "गिरणीवाला आलाय. त्याला ताटकळत ठेवू नकोस. आमच्या घरात कोणाचं तरी भलं होऊ दे."

तो गेला. तिला न सांगता तो उतार उतरत राहिला. त्याच्या पायांना थांबता आलं असतं, पण ते थांबले नाहीत.

*

हचेन्सची कोंबड्यांच्या खाद्याची गिरणी होती. पांढरा सदरा, पांढरे बूट, आणि कोणाशीही बोलताना त्याच्या खांद्यावर हात. त्याने व्हर्लिनच्याही खांद्यावर हात ठेवला.

"स्ट्राउड, मी आडपडदा ठेवत नाही. तुमच्या गाडीवर माझ्या गिरणीचं नाव घाला. दोन्ही दारांवर आणि बॉनेटवर. मी तुम्हाला नवं इंजिन देतो. कोणाचं उतरलेलं नाही, नवं कोरं. लोकांना काय आवडतं माहितीये? स्वतःच्या कोठारात गाडी बांधणारा, बायको गेलेला साधा माणूस, आणि तो त्या बड्या लोकांना हरवतो! माझ्या पोत्यांवर तुमचा फोटो टाकू आपण."

"पोत्यांवर," व्हर्लिन म्हणाला.

"बाबांना आनंदाने बोलता येत नाहीये," गार्लंड मध्येच म्हणाला. "जेवण झाल्यावर हात मिळवून पक्कं करू. तुम्ही काहीतरी खाऊन घ्या साहेब. माझ्या मामीच्या हातची कोंबडी खा."

हचेन्स टेबलाकडे गेला. गार्लंडने बापाचा दंड धरून त्याला ट्रकच्या आड नेलं.

"चेहरा असा करू नका. माणूस बघतोय."

"गार्लंड, तू बॉनेट उघडलं होतंस."

"हो, उघडलं होतं." आठवडाभर न बोललेली गोष्ट शेवटी उघड्यावर आली आणि मुलगा वर बघेना. "मला ठाऊक नाही का? पण तुम्ही खोटं बोललात का कोणाशी? नाही. मी बोललो का? नाही. त्यांनी मोजलं, त्यांनी पुकारलं. वीस वर्षं त्या लोकांनी आपल्यापुढे जुने टायर फेकले, बाबा. नवं इंजिन! तुम्हाला कळतंय ना? आईला केवढी हौस होती."

"तुझ्या आईने न धावलेली फेरी कधी लिहिली नसती."

"आई नाहीये इथे!"

मुलाचा आवाज चिरकला आणि तो लगेच ओशाळला. व्हर्लिनला त्याचा राग आला नाही. मुलगा जे मोठ्याने बोलत होता तेच तो स्वतः आठवडाभर मनात बोलत आला होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती हलकट वाटतं, एवढंच त्याला नव्याने कळलं.

"डब कुठाय?" त्याने विचारलं.

डब झऱ्याशी होता. चर्चच्या खालच्या बाजूला दगडातून पाणी येतं, तिथे मुलांनी कलिंगडं गार व्हायला सोडली होती. डब एक कलिंगड पाण्यात उगाच गोल फिरवत बसला होता. व्हर्लिन त्याच्या शेजारी दगडावर टेकला. किती तरी वर्षं हे दोघे शर्यतीआधी असेच बसत आले होते. एकाचा जॅक दुसऱ्याने वापरायचा, एकाचं इंजिन फुटलं तर दुसऱ्याने त्याची गाडी ओढायची.

"डब, मी त्या फेरीला पिटमध्ये होतो."

"माहितीये," डब म्हणाला.

व्हर्लिन त्याच्याकडे बघतच राहिला.

"बघितलं मी तुला. शेजारूनच तर गेलो. बॉनेट वर, गार्लंड अर्धा आत, आणि तू नेहमीसारखा स्टिअरिंगवर हात आपटतोयस." डबने कलिंगड दाबलं, ते बुडालं आणि वर आलं. "मीच जिंकलो होतो. रेषेवर आलो तेव्हा मला माहीत होतं."

"मग तक्रार का नाही केलीस? मोजणीदार विचारत उभा होता!"

"निघालोच होतो. तेवढ्यात ड्रीमा धावत आली चिखलातून. तुझ्या गळ्यात पडली. ओलेटा माझी बहीण होती, व्हर्लिन. मी मनात म्हटलं, जाऊ दे. ही शर्यत तिची. तिच्या कबरीवर फूल वाहिलं असं समजतो."

व्हर्लिनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चोरी केली असं त्याला आतापर्यंत वाटत होतं. ते परवडलं असतं. पण त्याला तर ती भीक मिळाली होती, आणि तो ती आठवडाभर खिशात घालून मिरवत होता.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"तुला? तू तोंड उघडतोस का बघत होतो मी."

पाणी वाहत राहिलं.

"आणि नेल्डा?" व्हर्लिनने विचारलं.

डबने टोपी काढली. टक्कल घामाने चमकत होतं.

"तो माझा गाढवपणा. मला वाटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर ती समोर बसून रडायला लागली. 'मी तुझी शर्यत घालवली.' आता तिला कसं सांगू, की बाई, तू काही घालवली नाहीस, मी दान दिली, आणि तुला त्या मोजणीदारासमोर मान खाली घालून उभं राहू दिलं? म्हटलं, दोन दिवसांत विसरेल. खरं सांगू का? मोठेपणाचं बरं वाटत होतं मला. आठवडाभर मनात म्हणत होतो, डब, काय दिलदार माणूस आहेस तू."

"दिलदार," व्हर्लिन म्हणाला.

"तू नको बोलूस."

"नाही बोलत."

मग व्हर्लिन उठला आणि त्याने हात पुढे केला. डबने तो धरला आणि गुडघ्यांवर कण्हत उभा राहिला.

"आधी कोण सांगणार?" डबने विचारलं.

"मी. माझी फेरी आहे."

*

नेल्डा पीचची पेस्ट्री कापत होती. तिच्यासमोर ताटल्या घेऊन माणसं उभी होती, आणि त्यांच्यात हचेन्सही. दोघे पुरुष टोप्या हातात घेऊन येताना बघून ती म्हणाली, "रांगेत उभे राहा. कितीही मोठे चालवणारे असलात तरी रांग."

"नेल्डा, इकडे बाजूला येशील का जरा?" व्हर्लिन म्हणाला.

"हात चिकट झालेत माझे. इथेच बोल."

त्याला ते एका बाजूला सांगायचं होतं. हळू आवाजात, शब्द जुळवून. नेमका तोच मोह होता, हे त्याला तिथे उभं राहिल्यावर कळलं. तिची नाचक्की चारचौघांत झाली होती. त्याने इथे बाजू शोधण्याचं कारण नव्हतं.

"तू फेरी चुकवली नाहीस," तो म्हणाला. "तुझा कागद बरोबर होता. मी एक फेरी मागे होतो. पिटमध्ये होतो. डब जिंकला."

नेल्डाची सुरी थांबली.

"काय म्हणतोय तो?" व्हर्सीमावशीने विचारलं.

"तुला कधी कळलं हे?" नेल्डाने विचारलं.

"तेव्हाच. गाडीत असतानाच."

"म्हणजे मघाशी. तिथे वर. मी बोलत होते तेव्हा."

"हो."

मग तिने नजर डबकडे वळवली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला काही विचारावं लागत नाही.

"तुलाही माहीत होतं," ती म्हणाली.

"नेल्डा, मला वाटलं, ओलेटासाठी..."

"ओलेटाचं नाव घेऊ नकोस." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "ताटलीतलं शेवटचं बिस्किट एकमेकांपुढे सरकवावं तशी तुम्ही ती शर्यत सरकवलीत. 'तू घे.' 'नाही नाही, तू घे.' आणि तुमच्या चांगुलपणाला उभं राहायला पायाखाली काहीतरी हवं होतं, म्हणून मी खाली पडलेली बरी. आठवडाभर मी देवाला विचारतेय, माझं डोकं फिरायला लागलं का? माझी आई अशीच सगळं विसरत विसरत गेली, डब. कशी गेली ते तुला माहितीये. मला वाटलं, सुरू झालं."

डबने डोळ्यांवर हात धरला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. व्हर्लिनच्याही नव्हतं.

मग ड्रीमाने विचारलं, "म्हणजे चूक माझी होती?"

ती चहाच्या पिंपाशी उभी होती. पेला भरून ओसंडत होता आणि तिला ते कळत नव्हतं. नेल्डाने पुढे होऊन तोटी बंद केली.

"तुझी चूक एका फेरीची, पोरी. पावसात कोणाचीही होते. मामाची गाडी बापाची समजलीस, एवढंच. रंगच एक आहे मेल्यांचा."

"बाबा," ड्रीमा म्हणाली. ती अजून बापाकडेच बघत होती. "मामीला एवढं सोसावं लागलं नसतं, तर मला सांगितलं असतंत?"

सगळे ऐकत होते. हो म्हणणं सोपं होतं. पण त्या आठवड्यात त्याने सोपं ते पुष्कळ केलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "नसतं सांगितलं बहुतेक."

तिने मान हलवली. रडली नाही. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, नेल्डाने म्हटलं होतं तसंच.

हचेन्सने घसा साफ केला. "स्ट्राउड, फार सचोटीचं बोललात. पण पेपरात नाव तुमचंच आहे ना? रेकॉर्डमध्ये?"

"आहे."

"मग माझ्या गिरणीला काही अडचण नाही." तो हसला. "लोक कुठे एवढं खोलात जातात?"

व्हर्लिनने गार्लंडकडे बघितलं. मुलाच्या नजरेत विनवणी होती, आणि विनवणी करतोय याची लाजही.

"मला अडचण आहे," व्हर्लिन म्हणाला. "द्यायचंच असेल तर इंजिन डबला द्या. जिंकला तो."

हचेन्सने बुटक्या, टकल्या, रडक्या डोळ्यांच्या डबला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याचा फोटो पोत्यावर कसा दिसेल याचा हिशोब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता आला. "विचार करू," असं म्हणून त्याने ताटली ठेवली. थोड्या वेळाने त्याची गाडी उतारावरून खाली गेली. गार्लंड तिच्यामागे काही पावलं चालला, थांबला, आणि बापाकडे न येता आपल्या मोटारीत जाऊन बसला.

"मला कोणी सांगेल का काय झालं?" व्हर्सीमावशी म्हणाली.

"नेल्डाने बरोबर मोजलं होतं, मावशी!" डब तिच्या कानाशी ओरडला. "आम्ही दोघं हरामखोर!"

"ते तर मला आधीपासून माहीत होतं," मावशी म्हणाली. मग तिने नेल्डाला जवळ बोलावलं, तिचा चिकट हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ड्रीमा संध्याकाळी मामीच्या गाडीतून घरी गेली.

*

सोमवारी व्हर्लिन आणि डब मुख्य मोजणीदाराकडे गेले. त्याने दोघांचं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"तक्रारीची मुदत त्याच संध्याकाळी संपली," तो म्हणाला. "निकाल लागला तो लागला. उद्या दहाजण येतील अशा गोष्टी घेऊन. रेकॉर्डमध्ये तुमचंच नाव राहणार, स्ट्राउड."

"काढता येत नाही?"

"अहो, माणसं नाव लागावं म्हणून येतात माझ्याकडे. काढायला आलेले तुम्ही पहिलेच."

म्हणजे ते तसंच राहणार होतं. त्याच्या सगळ्या वर्षांपुढे एकच विजय, आणि तो हा. तो मेल्यावरही कोणी पान उलटलं तर तिथे हेच दिसणार होतं.

नेल्डा डबशी बोलत होती ती फक्त जेवायला वाढल्यापुरती. बुधवारी तिने दोघांना निरोप पाठवला. तिला माफी नको होती. "मान मी बायकांसमोर खाली घातली," तिने कळवलं. "शर्यतीआधी मचाणावर या आणि त्यांना सांगा."

शनिवारी ते गेले. लाकडी जिन्याखाली दोघांनी टोप्या काढल्या. वर बायकांची रांग होती. पेन्सिली तासून ठेवलेल्या, थर्मास, उशा, कोणाच्या मांडीवर विणकाम. पुरुष वर आलेले बघून बोलणं बंद पडलं. काहीजणी ओलेटाच्या मैत्रिणी होत्या. तिच्या अंत्यविधीला त्यांनी घरी जेवण पाठवलं होतं. व्हर्लिनने सांगितलं. पिट, तारा, फेरी, गप्प राहणं. मग डबने सांगितलं. कोणी सावरून घेतलं नाही. सगळं सांगून झाल्यावर एका म्हाताऱ्या मोजणारणीने विचारलं, "झालं?" व्हर्लिन म्हणाला, "झालं." तिने विणकाम पुन्हा हातात घेतलं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ओलेटाच्या स्टुलावर ड्रीमा नाही. तिथे नेल्डा बसली होती. ड्रीमा नेल्डाच्या जागेवर होती, आणि तिच्यासमोरच्या कागदावर डबचा आकडा लिहिलेला होता.

"जागा बदलल्या?" त्याने विचारलं.

"गाड्या बदलल्या," नेल्डा म्हणाली. "यापुढे तुझ्या फेऱ्या मी मोजणार, आणि माझ्या नवऱ्याच्या ती. आम्ही दोघींनी ठरवलंय. तुम्हाला विचारलेलं नाही."

त्याने लेकीकडे बघितलं. ड्रीमा घड्याळाकडे बघत होती. तिची मान वळली नाही, पण तिने पाय आत घेऊन त्याला जिन्याकडे जायला वाट दिली.

खाली इंजिनं सुरू होऊ लागली होती. डब आधीच उतरला होता. व्हर्लिन अजून तिथेच उभा होता. नेल्डाने पेन्सिलीचं टोक अंगठ्याने तपासलं आणि कागदाच्या वर त्याचा आकडा लिहिला.

"जा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "गाडीत बस. मी बघतेय."